द्राक्षावरील केवडा, भुरी आणि करपा : रोगांची ओळख व व्यवस्थापन

जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत लंडन, रॉटरडॅम किंवा हॅम्बुर्ग येथील दुकानांत बिनबियांच्या हिरव्या द्राक्षांचे डबे मांडलेले असतात आणि त्यांतील अनेकांवर मूळ देश म्हणून भारताचे नाव छापलेले असते. यातील बहुतांश माल नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतून येतो. काही सांगली व सोलापूर भागातून. या डब्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी प्रत्येक घडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली बुरशीची आणि दुसरी प्रयोगशाळेची. पहिलीत तरून जाण्यासाठी बागाईतदाराला औषध फवारावे लागते. दुसरीत त्याच औषधाचा अंश सापडला की माल नाकारला जातो. द्राक्षावरील बुरशीजन्य रोगांचे व्यवस्थापन म्हणजे या दोन परीक्षांच्या मधली वाट शोधणे होय. ही वाट औषधाच्या जोरापेक्षा वेळेच्या अचूकतेवर अधिक अवलंबून असते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी वेल आणि नंतर रोग समजून घ्यावा लागतो.

झोप न घेणारी वेल

द्राक्षवेल मूळची समशीतोष्ण प्रदेशातील. फ्रान्स, इटली किंवा कॅलिफोर्नियात हिवाळा आला की तिची पाने गळतात, ती काही महिने सुप्तावस्थेत जाते आणि वसंत ऋतूत पुन्हा फुटते. महाराष्ट्रात तिला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून येथील बागाईतदारांनी वर्षातून दोनदा छाटणी करण्याची पद्धत बसवली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर येणाऱ्या काड्यांत पुढील हंगामाचे घड तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, म्हणजेच गोडी छाटणी होते आणि तेथून साधारण ११० ते १३० दिवसांत माल काढणीला येतो.

ही पद्धत उत्पादनाच्या दृष्टीने यशस्वी ठरली; पण तिची एक किंमत आहे. वेलीवर जवळजवळ वर्षभर हिरवी पाने असतात आणि त्यामुळे रोगालाही वर्षभर आसरा मिळतो. त्यातच गोडी छाटणीनंतरची कोवळी फूट नेमकी परतीच्या पावसाच्या काळात येते. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण भागातील काही शेतकरी लवकरच्या बाजारभावासाठी पावसाळ्यातच छाटणी करतात. त्यांच्या द्राक्षांना भाव चांगला मिळतो. मात्र रोगाचा धोकाही तेवढाच मोठा असतो.

केवडा : पाण्यातून चालणारा रोग

केवडा, म्हणजेच बागाईतदारांच्या बोलण्यातील ‘डाऊनी’, हा महाराष्ट्रातील द्राक्षाचा सर्वांत विध्वंसक रोग आहे. ‘प्लास्मोपारा व्हिटिकोला’ हा सूक्ष्मजीव त्याचे कारण. पानाच्या वरच्या बाजूस तेलाचा थेंब पडल्यासारखे फिकट पिवळे डाग दिसतात आणि त्याच जागी खालच्या बाजूस पांढरी, कापसासारखी वाढ दिसते. पुढे डाग तपकिरी होतात, पान वाळते आणि गळते. पानांवरील नुकसान काही अंशी भरून निघू शकते. फुलोऱ्यापूर्वीच्या किंवा फुलोऱ्यातील घडावर रोग गेला, तर मात्र संपूर्ण घड काही दिवसांत काळवंडून वाळतो आणि त्या फांदीवरचे वर्षाचे उत्पन्न संपते.

शास्त्रीयदृष्ट्या हा जीव खरी बुरशी नाही. त्याच्या पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजच्या असतात आणि वर्गीकरणात त्याचे नाते शैवालांशी जवळचे आहे. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर आलेला आणि लाखो लोकांच्या उपासमारीस कारणीभूत ठरलेला रोग याच कुळातील. हा भेद केवळ पुस्तकी नाही. बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल नावाचा घटक तयार होऊ न देणारी औषधे भुरीवर चांगली चालतात. केवड्याच्या जीवाला तो घटक स्वतः तयारच करावा लागत नसल्याने त्याच्यावर ती निष्प्रभ ठरतात. रोग न ओळखता फवारलेले औषध त्यामुळे नुसते वाया जाते आणि त्याचा अंश मात्र मण्यावर राहतो.

केवड्याची चाल पाण्यावर अवलंबून आहे. रात्रीच्या अंधारात, हवा दमट असताना पानाच्या खालच्या बाजूस बीजाणुधानी तयार होतात. त्या वाऱ्याने व पावसाच्या थेंबांनी इतर पानांवर पोहोचतात. पानावर पाण्याचा थर असेल तर त्यांतून शेपटीसारखे तंतू असलेले बीजाणू बाहेर पडतात, त्या पाण्यात पोहतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात पान दोन-तीन तास ओले राहिले तरी लागण होऊ शकते. लागण झाल्यापासून डाग दिसेपर्यंत अनुकूल हवामानात पाच ते सात दिवस जातात. म्हणजे शेतकऱ्याला डाग दिसतो तेव्हा रोग आठवडाभर आत मुरलेला असतो. ‘दिसल्यावर फवारू’ ही भूमिका येथे कायम उशिराची ठरते.

नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा नाशिक परिसरात अवेळी पाऊस झाला. गोडी छाटणी होऊन अनेक बागा नेमक्या कोवळ्या घडांच्या व फुलोऱ्याच्या अवस्थेत होत्या आणि केवड्याने त्या हंगामाचे अतोनात नुकसान केले. तोच पाऊस मणी मोठे झाल्यावर आला असता, तर केवड्याचे नुकसान कमी असते. मणी वाढू लागल्यानंतर काही आठवड्यांत त्यावरील रंध्रे बंद होतात आणि थेट लागण कठीण होते. रोगाची तीव्रता पावसाच्या मिलिमीटरांइतकीच वेलीच्या वयावरही ठरते, ती अशी.

भुरी : कोरड्या हवेतील बुरशी

केवड्याचा हंगाम सरतो तोवर भुरीचा सुरू होतो. ‘एरिसिफे नेकॅटर’ ही खरी बुरशी. पाने, कोवळे देठ व मणी यांवर राखेची बुकटी उडवल्यासारखा थर दिसतो. वाढत्या मण्याची साल भुरीने कडक होते, आतील गर वाढतच राहतो आणि मणी तडकतो. वाचलेल्या मण्यांवर जाळीदार डाग उरतात. असा माल निर्यातीस चालत नाही.

भुरीला पानावर पाणी लागत नाही. उलट जोराचा पाऊस तिचे बीजाणू धुऊन टाकतो. तिला हवी असते ढगाळ हवा, मध्यम तापमान आणि दाट पानांची सावली. डिसेंबर-जानेवारीतील ढगाळ दिवस म्हणूनच धोक्याचे. तापमान ३५ अंशांपलीकडे गेले की तिची वाढ थांबते. कोणत्याही बागेत भुरी प्रथम आतील, सावलीतल्या, हवा न खेळणाऱ्या घडांवर सापडते. पाहणी करणाऱ्याने बाहेरून बाग हिरवीगार आहे म्हणून समाधान मानू नये; पाने बाजूला सारून आतला घड पाहावा.

करपा : पावसाळ्यातील उधारी

करपा हा खरड छाटणीनंतरच्या पावसाळी वाढीचा रोग. कोवळ्या फुटीवर व पानांवर लहान तपकिरी डाग पडतात, मधला भाग राखाडी होऊन गळतो आणि पानाला भोके पडतात. काडीवरील खोल डाग पक्ष्याच्या डोळ्यासारखे दिसतात. जून ते ऑगस्ट या काळात बागेत फळ नसते, त्यामुळे या रोगाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक. परंतु घड याच काड्यांवर येणार असतात. डाग पडलेल्या काडीत बुरशी टिकून राहते आणि ऑक्टोबरमध्ये कोवळ्या फुटीवर उतरते. पावसाळ्यात टाळलेले काम फळहंगामात व्याजासह परत येते.

मोरचुदाचा शोध

या रोगांचा इतिहास माणसाच्या प्रवासाचा इतिहास आहे. भुरी आणि केवडा हे दोन्ही मूळचे उत्तर अमेरिकेतील. १८४५ मध्ये इंग्लंडच्या मार्गेट गावी एका माळ्याला भुरी आढळली आणि पुढील दहा वर्षांत तिने फ्रान्समधील द्राक्षमळे हादरवून टाकले. गंधकाची भुकटी हा तिच्यावरील उपाय ठरला. त्यानंतर मुळांवरील फिलॉक्सेरा या किडीने युरोपातील वेली मारल्या. तिला तोंड देणारे अमेरिकी खुंट जहाजांनी आणले गेले आणि त्यांच्यासोबत केवडाही आला. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये त्याची नोंद झाली. एका संकटाचा उपाय दुसरे संकट घेऊन आला.

बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर-मारी-अलेक्सिस मिलार्दे यांनी १८८२ मध्ये मेदोक भागात एक गोष्ट टिपली. रस्त्याकडेच्या वेलींची पाने निरोगी होती. आतील वेलींची गळून पडली होती. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडत असत. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गायों यांच्या साहाय्याने प्रयोग करून १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेच बोर्डो मिश्रण. आज १४० वर्षांनंतरही निफाडच्या बागेत ते वापरले जाते.

एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना लागतो. दोन्ही द्रावणे प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत करून मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत ढवळत ओततात. लोखंडी भांडे वापरत नाहीत. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी पाते बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे उरले आहे असे समजून आणखी चुना घालतात, अन्यथा कोवळी पाने भाजतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे लागते.

व्यवस्थापनाचा पाया : हवा, पाणी, स्वच्छता

औषधाची पाळी येण्यापूर्वी बरेच काही करता येते आणि त्याचा कोणताही अंश मण्यावर राहत नाही.

* छाटणीनंतर खाली पडलेल्या काड्या, पाने व जुने वाळलेले घड बागेबाहेर नेऊन नष्ट करावेत. रोगाचे बीज तेथेच असते.
* फुटव्यांची वेळेवर विरळणी करावी, बगलफुटी काढाव्यात, काड्या तारांवर मोकळ्या बांधाव्यात. पान जितके लवकर सुकेल तितकी केवड्याची संधी कमी होते. घडापर्यंत ऊन पोहोचले की भुरीची.
* नत्राचा अतिरेक टाळावा. नत्राने वाढलेली लुसलुशीत फूट रोगाला लवकर बळी पडते.
* ठिबकने मोजके पाणी द्यावे आणि पावसाचे पाणी बागेबाहेर काढण्यासाठी चर ठेवावेत. जमिनीला वाफसा नसेल तर ट्रॅक्टर आत जात नाही आणि ज्या दिवशी फवारणी सर्वांत गरजेची, त्याच दिवशी ती राहून जाते.
* शक्य असेल तेथे प्लॅस्टिक आच्छादन करावे. पानावर पाऊसच पडला नाही तर केवड्याचा मार्ग अडतो. खर्च मोठा असल्याने अल्पभूधारकाला हा उपाय सहज परवडत नाही.

जैविक उपायांत ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी, बॅसिलस गटातील जिवाणू आणि भुरीच्या बुरशीवर जगणारी अँपेलोमायसिस ही बुरशी यांचा वापर होतो. रोग कमी असताना व काढणी जवळ आलेली असताना त्यांचे मोल विशेष असते. भर पावसात भडकलेला केवडा मात्र त्यांच्या भरवशावर सोडता येत नाही.

औषधांचे गट आणि रोगाची प्रतिकारशक्ती

बुरशीनाशके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. स्पर्शजन्य औषधे पानाच्या पृष्ठभागावर राहून बीजाणूला आत शिरू देत नाहीत. तांबे व गंधक यांत मोडतात. ती लागणीपूर्वीच उपयोगी पडतात आणि पावसाने धुऊन जातात. आंतरप्रवाही औषधे पानात शोषली जातात आणि नुकत्याच झालेल्या लागणीलाही काही काळ आवर घालतात.

आंतरप्रवाही औषधांची अडचण अशी की त्यांतील बहुतेक रोगजीवाच्या एकाच प्रक्रियेवर घाव घालतात. ती प्रक्रिया किंचित बदललेला जीव वाचतो आणि पुढची पिढी त्याची असते. स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधे याचे ठळक उदाहरण आहेत. सायटोक्रोम बी या प्रथिनातील १४३ व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ॲलॅनिन आले, एवढ्या एका बदलाने संपूर्ण गट निकामी होतो. असे प्रतिकारक्षम केवड्याचे नमुने युरोपाप्रमाणे महाराष्ट्रातील बागांतही सापडले आहेत.

यावरील नियम साधे आहेत. एकाच गटाचे औषध लागोपाठ वापरू नये. हंगामात त्याच्या फवारण्या मोजक्याच ठेवाव्यात. आंतरप्रवाही औषधाला स्पर्शजन्य औषधाची जोड द्यावी. शिफारशीपेक्षा कमी वा अधिक मात्रा देऊ नये. दुकानात मिळणारी दोन वेगळी व्यापारी नावे अनेकदा एकाच गटाची असतात. म्हणून नाव न वाचता घटक वाचावा. भुरीसाठी गंधक आजही उपयुक्त आहे, कारण तो रोगजीवाच्या एकापेक्षा अधिक प्रक्रियांवर आघात करतो. मात्र ३५ अंशांवरील उन्हात त्याने पाने व मणी भाजू शकतात आणि काढणीच्या जवळ मण्यांवर डाग राहतात.

दुसरी परीक्षा : अवशेष

युरोपीय संघात ज्या औषधासाठी स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सर्वसाधारणपणे एका किलोस ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. म्हणजे १००० टन द्राक्षांत १० ग्रॅम. ब्रिटनने २०२१ पासून स्वतःच्या मर्यादा वेगळ्या राखल्या आहेत, त्यामुळे एकाच बागेतील माल दोन बाजारांसाठी दोन कसोट्यांवर तपासावा लागू शकतो.

२००३ च्या सुमारास युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष आढळले, तेव्हापासून निर्यातीसाठी अवशेष तपासणीची राष्ट्रीय योजना सुरू झाली. पुढे अपेडा या केंद्रीय संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली आणली. निर्यातीची बाग कृषी विभागाकडे नोंदवली जाते, काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा तेथून नमुना घेते आणि अहवाल समाधानकारक आल्यावरच माल पुढे जातो. डब्यावरील क्रमांकावरून तो माल कोणत्या बागेतला हे शोधता येते.

एवढी व्यवस्था असूनही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अवशेष युरोपात आढळले आणि निर्यातदार व बागाईतदार यांना जबर फटका बसला. ते बुरशीनाशक नव्हते. काड्यांची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी ते सर्रास वापरले जाई आणि तपासणीच्या तत्कालीन यादीत त्याचा समावेश नव्हता. यादीबाहेरचे औषध म्हणजे निर्धोक औषध नव्हे, हा त्या वर्षाचा धडा होता.

पुण्याजवळ मांजरी येथे असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातक्षम द्राक्षांसाठी शिफारस केलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. तीत औषधाची मात्रा, कमाल अवशेष मर्यादा आणि शेवटची फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे हे दिलेले असते. बागाईतदाराची खरी कोंडी या अंतरात आहे. काढणी तीन आठवड्यांवर असताना ढग दाटले, भुरी दिसली आणि प्रभावी औषधाचे अंतर मात्र त्याहून अधिक असले, तर त्याला एकच निवडावे लागते : रोग किंवा नकार. सुरुवातीच्या ५०-६० दिवसांत ज्याने बाग स्वच्छ राखली त्याच्यावर ही वेळ सहसा येत नाही. नियमही स्थिर नाहीत. केवड्यावर दशकानुदशके वापरले गेलेले मॅन्कोझेब युरोपीय संघाने २०२० च्या अखेरीस पुनर्मान्यतेविना सोडले. तेथील शेतात बंद झालेल्या औषधाची आयात मालावरील मर्यादाही कालांतराने खाली येऊ शकते, म्हणून गेल्या वर्षीची फवारणी यंदा जशीच्या तशी गिरवता येत नाही.

जहाजातील बुरशी

काढणीनंतरही बुरशीचा पिच्छा सुटत नाही. न्हावा-शेवा बंदरातून निघालेला माल सुएझमार्गे सुमारे तीन-चार आठवड्यांत युरोपात पोहोचतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा हा प्रवास आणखी लांबला. या काळात बोट्रायटिस ही करडी बुरशी शून्य अंशाजवळही हळूहळू वाढू शकते. एक तडकलेला मणी शेजारच्या मण्यांना बाधा देतो. म्हणून काढणी सकाळच्या गारव्यात करतात, सदोष मणी कात्रीने काढतात, काही तासांत माल पूर्वशीत करतात आणि डब्यात गंधक डायऑक्साइड सोडणारा कागद ठेवतात.

परदेशस्थ वाचकांसाठी

आपल्यापैकी अनेकांचा वडिलोपार्जित शेतीत वाटा आहे, भाऊ किंवा चुलते बाग पाहतात आणि हंगामाचा खर्च परदेशातून जातो. त्या खर्चाचा विचार करताना महागड्या औषधांच्या आधी तीन गोष्टींना प्राधान्य द्यावे : बागेत पानाचा ओलावा, तापमान व पाऊस नोंदवणारे हवामान केंद्र, औषध सर्वत्र सारखे पोहोचवणारे सुस्थितीतील फवारणी यंत्र आणि प्रत्येक फवारणीची तारखेसह नोंदवही. पाऊस येण्यापूर्वी संरक्षण द्यायचे की नाही, हा निर्णय पहिल्यामुळे घेता येतो. दुसऱ्यामुळे तो अमलात येतो. तिसऱ्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालाला उत्तर देता येते.

आणखी एक काळजी प्रवासाची. आवडलेल्या जातीची काडी किंवा घरच्या बागेतले रोप सामानातून नेण्याचा मोह अनेकांना होतो. भारतात रोपे व काड्या आणण्यासाठी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. युरोप, ब्रिटन व अमेरिकेतही निर्बंध कडक आहेत. ते नियम का झाले, याचे उत्तर १८७८ च्या फ्रान्समध्ये आहे. निरोगी दिसणाऱ्या काडीने केवडा महासागरापार नेला, आणि त्याचा बंदोबस्त जगभरचे बागाईतदार आजही दर पावसानंतर करीत आहेत.